गावाच्या इतिहासाचे ऋण

आईबापांचे ऋण आपण मानतो, गुरूचे मानतो, देशाचेही मानतो. ज्या गावात आपण जन्मलो, वाढलो आणि जेथे आपल्या माणसांना मूठमाती दिली, त्या गावाचेही काही ऋण आपल्यावर आहे काय? असल्यास ते फेडावयाचे कसे? सण साजरे करून, देणगी देऊन, रस्ता किंवा पाण्याची टाकी बांधून हे ऋण काही अंशी फिटत असेल. परंतु गावाचे जे खरे धन, म्हणजे त्याची स्मृती, ती जपण्याचे काम कोणाकडेच सोपविलेले नसते. जे काम सर्वांचे असते ते कोणाचेच नसते, या न्यायाने गावाची स्मृती म्हाताऱ्या माणसांबरोबर स्मशानात जाते. म्हणून येथे एका प्रश्नाचा विचार करावयाचे योजिले आहे. गावाचा इतिहास लिहून ठेवणे हे केवळ हौशी माणसाचे छंदाचे काम आहे, की ते एक नैतिक कर्तव्य आहे? आणि कर्तव्य असेल, तर त्या इतिहासात अप्रिय सत्याला कितपत स्थान द्यावे?

आरंभ दूरच्या एका देशापासून करू. कारण या कामाची दीर्घ परंपरा तेथे आहे आणि तिचे गुणदोष दोन्ही आपल्याला शिकविणारे आहेत. इंग्लंडमध्ये जिल्ह्यासारख्या प्रदेशाला 'काउंटी' म्हणतात. एकेका काउंटीचा इतिहास स्वतंत्र ग्रंथात सांगण्याची प्रथा तेथे सुमारे साडेचारशे वर्षांची आहे. विल्यम लॅम्बार्ड या कायदेपंडिताने केंट काउंटीचे वर्णन १५७६ साली प्रसिद्ध केले. रिचर्ड कॅर्यू यांचा कॉर्नवॉलवरील ग्रंथ १६०२ साली निघाला. विल्यम डग्डेल यांनी वॉरिकशायरचा विस्तृत ग्रंथ १६५६ साली छापला आणि पुढच्या लेखकांनी तो आदर्श मानला. १८९९ साली व्हिक्टोरिया राणीच्या नावाने एक मोठी योजना आखण्यात आली: इंग्लंडमधील प्रत्येक काउंटीचा, आणि तिच्यातील गावागावांचा, इतिहास मूळ कागदपत्रांच्या आधारे लिहावयाचा. आजवर तिचे दोनशेहून अधिक खंड निघाले आहेत आणि सव्वाशे वर्षे लोटली तरी काम पुरे झालेले नाही. ज्यांनी ते सुरू केले त्यांना शेवट पाहता येणार नव्हता. तरीही त्यांनी ते सुरू केले, ही गोष्टच आम्हांला विचार करावयास लावते.

या ग्रंथकारांमध्ये खेड्यांतील धर्मोपदेशकांची संख्या बरीच होती. आपल्या वाचकांना याचे नवल वाटू नये. ज्याच्या हाती जन्म, विवाह आणि मृत्यू यांची नोंदवही असते, ज्याला घराघरांतील सुखदुःख ठाऊक असते आणि ज्याला थोडेफार लिहितावाचता येते, तो माणूस गावाचा बखरकार होणे स्वाभाविकच आहे. गिल्बर्ट व्हाइट यांनी सेलबोर्न या एका खेड्यातील पक्षी, झाडे, ऋतू आणि जुने अवशेष यांवर १७८९ साली जे पुस्तक प्रसिद्ध केले ते आजही वाचले जाते. डॉर्सेट काउंटीचा इतिहास लिहिणारे जॉन हचिन्स हे वेअरहॅम गावचे धर्मोपदेशक. १७६२ साली त्या गावाला मोठी आग लागली, तेव्हा हचिन्स यांच्या पत्नीने जिवावर उदार होऊन त्यांची हस्तलिखिते वाचविली, असे सांगतात. हचिन्स १७७३ साली वारले आणि ग्रंथ १७७४ साली निघाला. मुखपृष्ठावर नाव पतीचे आहे. ज्या हातांनी तो ग्रंथ ज्वाळांतून बाहेर काढला त्या हातांचे नाव तेथे नाही. ही लहानशी गोष्ट आमच्या विषयाच्या अगदी गाभ्याशी जाऊन पोहोचते.

कारण या जुन्या काउंटी-ग्रंथांचा मोठा दोष हाच होता. ते जमीनदारांनी आणि जमीनदारांसाठी लिहिलेले होते. कोणत्या घराण्याकडे कोणती जहागीर कधी आली, कोणाची मुलगी कोठे दिली, कोणाच्या थडग्यावर कोणते कुलचिन्ह कोरले आहे, यांची वर्णने पानेच्या पाने चालतात. शेत कोणाच्या मालकीचे हे कळते. ते नांगरले कोणी हे कळत नाही. त्याही मागे जाऊन पाहिले तर इंग्लंडमधील गावांची पहिली मोठी नोंद १०८६ सालची आहे, आणि राजाला कोणाकडून किती येणे आहे हे कळावे म्हणून ती करविली गेली होती. गरिबाचे नाव नेमाने कागदावर येऊ लागले ते फार पुढे. १५३८ साली प्रत्येक खेड्यातील धर्मोपदेशकाने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवावी अशी आज्ञा निघाली. ख्रिस्तसभेच्या ट्रेंट येथील परिषदेनेही १५६३ साली विवाहाची नोंदवही बंधनकारक केली. या वह्यांतून मोलकरीण आणि जमीनदारीण एकाच पानावर, एकीच्या खाली एक, अशा आल्या. हे समतेचे पान लिहिणाऱ्यालाही कदाचित जाणवले नसेल.

मुख्य प्रवाह बदलावयास मात्र विसावे शतक उजाडावे लागले. १९४८ साली लेस्टर येथील विद्यापीठ-महाविद्यालयात स्थानिक इतिहासाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि डब्ल्यू. जी. हॉस्किन्स त्याचे प्रमुख झाले. शेताचा बांध, कुंपणाची झुडपे, वळण घेत गेलेली पायवाट आणि शेतकऱ्याचे साधे घर हीदेखील इतिहासाची कागदपत्रेच आहेत, असे त्यांनी आपल्या पिढीला पटवून दिले. १९५७ साली त्यांनी विगस्टन या एकाच गावातील शेतकऱ्यांच्या अनेक शतकांच्या जीवनावर ग्रंथ लिहिला. राजा नाही, सरदार नाही, लढाई नाही; केवळ शेतकरी आणि त्यांची जमीन. इंग्लंडला येथवर येण्यास जवळजवळ चारशे वर्षे लागली.

आता आपल्याकडे वळू. मराठीत स्थलवर्णनाची परंपरा अगदीच नवी नाही. गोविंद नारायण माडगांवकर यांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली आणि ना. वि. जोशी यांचे पुणे शहरावरील पुस्तक १८६८ साली निघाले. चौल आणि वसई यांच्या इतिहासावर १८७६ साली इंग्रजीत ग्रंथ लिहिणारे डॉ. जर्सन द कुन्या हे गोव्याचे कॅथॉलिक वैद्य होते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गांवगाडा' लिहून खेड्याच्या कारभाराचे बारीकसारीक चित्र उभे केले. आत्रे सरकारी महसूल खात्यात होते. त्यांचे निरीक्षण सूक्ष्म आहे, पण बलुतेदारांकडे आणि भटक्या लोकांकडे पाहण्याची त्यांची दृष्टी कित्येकदा कठोर आहे. उत्तर कोकणाची जुनी 'महिकावतीची बखर' वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली प्रकाशात आणली. वसईच्या फादर फ्रान्सिस कोरिया यांनी सामवेदी ख्रिस्ती समाजाविषयी पुस्तक लिहून आपल्याच लोकांच्या चालीरीती नोंदविल्या. शहरे, बंदरे आणि काही समाज यांचे भाग्य असे उजळले. आमच्या खानदेशातील खेड्यांचे काय?

खानदेशासाठी हाताशी असलेला मोठा आधारग्रंथ म्हणजे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड. जेम्स कॅम्बेल यांच्या देखरेखीखाली तो १८८० साली सिद्ध झाला. पिके, हवामान, बाजार, रस्ते, जाती, दुष्काळ, किल्ले अशी त्यात अपार माहिती आहे आणि आजचा अभ्यासक तिच्यावाचून पुढे जाऊ शकत नाही. परंतु तो राज्यकर्त्यांनी राज्यकारभारासाठी लिहविलेला ग्रंथ आहे. सारा किती येतो आणि बंदोबस्त कोठे ठेवावा लागतो, हे त्याचे मुख्य प्रश्न. म्हणून डोंगरातील भिल्ल त्या पानांवर येतो तो बहुधा लुटारू म्हणून, किंवा वठणीवर आणलेला शिपाई म्हणून. त्याच्या घरात काय शिजत होते आणि तो डोंगरातून खाली का उतरला, हे त्याला कोणी विचारलेले दिसत नाही.

दुसरा वारसा राजवाड्यांचा. ज्यांनी गावोगाव हिंडून, जुनी दप्तरे धुंडाळून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे २२ खंड प्रसिद्ध केले, ते राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने तेथे संशोधन मंडळ स्थापन झाले. कागद हा इतिहासाचा पाया, तो नष्ट होऊ देणे हे पाप, ही शिकवण त्यांनी महाराष्ट्राला दिली. परंतु ज्यांच्या घरी कागदच नव्हता त्यांचे काय, हा प्रश्न त्यांच्या पुढच्या पिढ्यांसाठी शिल्लक राहिला.

रनाळ्याचेच उदाहरण घेऊ. नंदुरबार आणि दोंडाईचे यांच्या दरम्यानचे हे गाव. जागेवरून ते तसूभरही हलले नाही. तरी १९०६ पर्यंत ते खानदेश जिल्ह्यात होते, मग पश्चिम खानदेशात गेले, त्यानंतर त्याच जिल्ह्याला धुळे हे नाव मिळाले, आणि १ जुलै १९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. सरकारी कागदांतून या गावाचे क्षेत्रफळ कळेल, सातबाऱ्यावरून जमिनीचे मालक कळतील, शिरगणतीवरून डोकी कळतील. पण सालदार म्हणून ज्याने एकाच मालकाच्या घरी उभा जन्म काढला, त्याचे नाव या कागदांत कोठे शोधावे? मिरच्या खुडताना आणि कापूस वेचताना जिच्या बोटांना भेगा पडल्या, तिचे नाव कोठे शोधावे? विहीर कोणी खणविली याचा दगडी लेख एखादे वेळी सापडेल. ती खणली कोणी, आणि तिचे पाणी भरावयास कोणाला मनाई होती, याचा लेख कोठेच सापडणार नाही. रनाळ्यात एका वृद्ध गृहस्थांशी याविषयी बोलणे निघाले, तेव्हा ते आपल्या अहिराणीत हसून म्हणाले, "आमना गावनी गोष्ट कोन लिखी, फादर?" त्यांचे हसणे ऐकून आम्ही मात्र गंभीर झालो. आपल्या जगण्यात लिहिण्याजोगे काही नाही, असे माणसाला वाटू लागणे ही दारिद्र्याची फार खोल अवस्था आहे.

येथे लूककृत शुभवर्तमानातील एका प्रसंगाची आठवण होते. प्रभूच्या जन्माची कथा सांगताना लूक प्रथम कैसर औगुस्ताच्या नावनोंदणीचा उल्लेख करतो. ती नोंदणी म्हणजे त्या काळचे गॅझेटियरच होय. त्या वहीत बेथलेहेम गावची डोकी मोजली गेली असतील. लूक ती नोंदणी खोटी म्हणत नाही, तिची टवाळीही करीत नाही. तो केवळ तिच्यापाशी थांबत नाही. ज्यांना जागा मिळाली नाही त्या दांपत्याकडे आणि रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांकडे तो आपल्याला नेतो. एकाच गावाचे, एकाच काळाचे हे दोन इतिहास. एक वसुलीसाठी लिहिलेला, दुसरा तारणासाठी. गावाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने पहिला अवश्य वाचावा. परंतु त्याचे ऋण दुसऱ्या प्रकारच्या लेखनानेच फिटते, असे आमचे मत आहे.

येथपर्यंत बहुतेक वाचक आमच्याशी सहमत होतील. खरी अडचण पुढे आहे. मोठ्या देशाचा इतिहास लिहिणारा आपल्या पात्रांपासून दूर बसलेला असतो. गावाचा इतिहास लिहिणाऱ्याला मात्र ज्यांच्याविषयी लिहावयाचे त्यांच्याच नातवंडांबरोबर रोज रामराम करावयाचा असतो. अशा वेळी खरे किती सांगावे?

हा प्रश्न आमच्या जिल्ह्यात काल्पनिक नाही. भिल्ल आणि इतर आदिवासी शेतकऱ्यांच्या जमिनी कर्जापायी आणि फसवणुकीने दुसऱ्यांच्या हाती गेल्या, ही गोष्ट जगजाहीर आहे. १९७० नंतरच्या काळात शहादे-तळोदे भागात अंबरसिंग महाराज यांच्या पुढाकाराने शेतमजुरांची मोठी चळवळ उभी राहिली, ती याच दुखण्यातून. आदिवासींना त्यांच्या जमिनी परत मिळाव्यात यासाठी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७४ चा स्वतंत्र कायदा केला. जमिनी गेल्याच नसत्या तर त्या परत करण्याचा कायदा करावा लागला नसता. म्हणजे सर्वसाधारण सत्य शासनालाही मान्य आहे. परंतु गावाचा इतिहास सर्वसाधारण सत्यावर थांबत नाही. तेथे शेताला नाव असते, वर्ष असते, घेणाऱ्याचे घर असते आणि देणाऱ्याचेही घर असते.

समजा, असा इतिहास लिहिणाऱ्याकडे एक सज्जन गृहस्थ येतात आणि म्हणतात, "फादर, आजोबांनी काय केले ते मला ठाऊक आहे. मी तसा नाही. आता मुलीचे लग्न ठरते आहे. आमच्या घराचे नाव पुस्तकात आले तर लोक काय म्हणतील?" ही विनंती ढोंगी नाही. तिच्यात एका बापाची खरी व्यथा आहे. आणि समजा, दुसऱ्याच दिवशी एक मजूर येतो आणि म्हणतो, "आमच्या आजाला लोक दारूत जमीन बुडविणारा म्हणतात. त्याने ती दारूत घालविली नव्हती. एवढे तरी लिहा." या दोन नातवांमध्ये लेखकाने न्याय कसा करावा?

नीतिशास्त्राच्या पाठात आम्हांला एक भेद शिकविला जात असे, तो येथे उपयोगी पडतो. एखाद्यावर खोटा आळ घेणे हे पाप आहे, हे सर्वांना समजते. पण आठव्या आज्ञेचे विवरण करताना ख्रिस्तसभा आणखी एक पाप सांगते: खरे असलेले वैगुण्य योग्य कारणावाचून चव्हाट्यावर मांडणे. गोष्ट खरी आहे एवढ्यानेच ती सांगण्याचा अधिकार मिळत नाही. मेलेल्या माणसाचेही नाव असते आणि त्याला उत्तर देता येत नाही. म्हणून कोणाच्या घरातील व्यभिचार, कोणाचे व्यसन, कोणाचे वेड, या गोष्टी गावाच्या इतिहासात घालून वाचकांची करमणूक करणे आम्ही निषिद्धच मानतो.

परंतु या नियमातील 'योग्य कारणावाचून' हे शब्द नीट ध्यानात घेतले पाहिजेत. ज्या अन्यायाचा परिणाम आजही चालू आहे, तो सांगण्यास योग्य कारण आहेच. आजोबांच्या खाजगी दोषाचा त्यांच्याबरोबरच शेवट झाला. आजोबांनी घेतलेली जमीन मात्र अजून पीक देते आहे, आणि जमीन गमावलेल्याचा नातू अजून दुसऱ्याच्या बांधावर उभा आहे. अशा ठिकाणी मौन पाळणे ही दया नव्हे. ती एका नातवाची बाजू घेऊन दुसऱ्याला दुसऱ्यांदा वंचित करणे आहे. पहिल्यांदा त्याची जमीन गेली. मौनामुळे त्याची अब्रूही गेलेलीच राहते.

तेव्हा आम्हांला सुचणारा मार्ग असा. कृत्य लपवू नये. ते पुराव्यासह, वर्षासह, ज्या व्यवस्थेमुळे ते शक्य झाले तिच्यासह सांगावे. व्याज कसे चढत असे, अंगठा कसा घेतला जाई, कचेरीत कोणाची भाषा चाले, हे सांगावे. करणाऱ्याचे नाव दिल्याने सत्यात भर पडत नसेल तेथे ते देऊ नये, कारण हयात माणसाला पूर्वजाच्या अपराधाची शिक्षा देणे हे इतिहासाचे काम नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे नाव मात्र, त्याच्या वंशजांची इच्छा असेल तर, पूर्ण द्यावे. कारण ते नाव आजवर कोठेच आलेले नाही. या मार्गाने पहिल्या गृहस्थाच्या मुलीचे लग्न मोडणार नाही आणि दुसऱ्याच्या आज्याचे नाव धुऊन निघेल. दोघांचेही पूर्ण समाधान होईल असे नाही. अर्धवट समाधान घेऊन एकाच पारावर बसणे हेच कदाचित गावपणाचे लक्षण असावे.

आणखी एक अट आम्ही आवर्जून घालू. दुसऱ्याच्या समाजाचे दोष लिहिण्यापूर्वी लेखकाने आपल्या समाजाचे लिहावेत. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या आरंभी प्रभूची वंशावळ आहे. वंशावळी लिहिणारे सामान्यतः अडचणीची नावे गाळतात. मत्तयने तामार, राहाब, रूथ यांची नावे तर घेतलीच, शिवाय उरियाच्या पत्नीचा उल्लेख करताना ती मूळची कोणाची पत्नी होती याची आठवण ठेवून दावीद राजाचे पाप तारणाऱ्याच्या वंशावळीतच नोंदविले. ख्रिस्तसभेला हे धैर्य नेहमीच साधले असे नाही. पण जेथे साधले तेथे तिचे नुकसान झालेले नाही. परमगुरुस्वामी तेरावे लिओ यांनी १८८१ साली व्हॅटिकनचे दप्तर अभ्यासकांना खुले केले. दुसरे जॉन पॉल यांनी १२ मार्च २००० रोजी ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या ऐतिहासिक अपराधांबद्दल जाहीरपणे देवाची क्षमा मागितली. भारतातील कॅथॉलिक महागुरुस्वामींच्या परिषदेने २०१६ साली दलित ख्रिस्ती बांधवांविषयीच्या धोरणपत्रात अस्पृश्यतेचा कलंक ख्रिस्तसभेच्या आतही आहे हे मान्य केले. जो आपले असे लिहू शकतो त्यालाच शेजाऱ्याचे लिहिण्याचा अधिकार पोहोचतो.

याउलट आपल्याकडे गावोगाव जे छापले जाते ते पाहावे. कोठे रौप्यमहोत्सव, कोठे सुवर्णमहोत्सव; त्यानिमित्त स्मरणिका निघते. आरंभीची पाने शुभसंदेशांची, मग देणगीदारांची छायाचित्रे, मग जाहिराती, आणि उरल्या जागेत गावाचा 'देदीप्यमान' इतिहास. धर्मग्रामांच्या स्मरणिकाही याला अपवाद नसतात. त्यांत खोटे काही नसते. पण देणगीदाराच्या रांगेत पाणक्या, स्वयंपाकीण, पाट खणणारा आणि घंटा वाजविणारा यांना जागा नसते. ही पुस्तके कोणी पुन्हा उघडून वाचत नाही याचे कारण बहुधा हेच असावे.

अभिमान वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबार शहरात तिरंगा घेऊन निघालेल्या मुलांवर गोळीबार झाला आणि शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे पाच जण धारातीर्थी पडले. त्यांची नावे शहराने जपली, हे शहराच्या कृतज्ञतेला शोभणारेच आहे. पण त्यापूर्वी ८४ वर्षे, ११ एप्रिल १८५८ रोजी, सातपुड्यात अंबापाणी येथे ख्वाजा नाईकांच्या भिल्लांची इंग्रज फौजेशी मोठी लढाई झाली. पुष्कळ भिल्ल मारले गेले, स्त्रियाही मोठ्या संख्येने पकडल्या गेल्या. नायकांची नावे इतिहासाला ठाऊक आहेत. त्या स्त्रियांतील किती जणींची नावे आज आपल्याला सांगता येतील? त्यांचे शौर्य कमी नव्हते. त्यांच्या बाजूला लेखणी नव्हती, एवढाच फरक.

आणि काही गावांच्या बाबतीत आता उशीरही होऊ लागला आहे. सरदार सरोवराच्या पाण्यात अक्कलकुवे आणि अक्राणी या तालुक्यांतील ३३ गावे सापडली. १९९३ च्या पावसाळ्यात मणिबेलीच्या घरांत नर्मदेचे पाणी शिरले, आणि नंतरच्या वर्षांत धरणाच्या उंचीबरोबर ते वर वर चढत गेले. तेथील कुटुंबे कोणी तळोदे-शहादे भागात, कोणी गुजरातेत वसविली गेली. हॉस्किन्स म्हणत की बांध आणि पायवाट हीच गावाची कागदपत्रे. येथे बांधही पाण्याखाली गेले आणि पायवाटाही. त्या गावांतील देवाची जागा कोठे होती, कोणत्या झाडाखाली पंच बसत, होळी कोठे पेटे, हे आता ज्यांच्या डोक्यात आहे त्यांचे केस पांढरे झाले आहेत. त्यांना विचारून लिहून ठेवणे हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखे नाही.

मग प्रत्यक्षात करावयाचे काय? रनाळ्यासारख्या गावी हे काम विद्वानावाचून अडणार नाही. दोनशे पानी एक वही, शाळेतील दोन-चार चुणचुणीत मुले आणि महिन्यातील दोन संध्याकाळी एवढे भांडवल आरंभाला पुरे आहे. प्रथम शिवारातील प्रत्येक शेताचे, नाल्याचे, विहिरीचे लोकांच्या तोंडी असलेले नाव लिहावे. सातबाऱ्यावर शेताची ओळख मुख्यतः गट क्रमांकाने होते. नंतर म्हाताऱ्या स्त्रियांकडे जावे, कारण पुरुष बहुधा पुढाऱ्यांची नावे सांगतात आणि स्त्रिया उपासमारीची वर्षे सांगतात. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडावयास कोण गेले, घरात काय खाल्ले, कोणते मूल दगावले, हे त्याच सांगू शकतील. जे जसे सांगितले तसे, अहिराणीत सांगितले तर अहिराणीत, भिलीत सांगितले तर भिलीत, उतरून घ्यावे. पाहिलेले आणि ऐकलेले यांची नोंद वेगवेगळी ठेवावी. वाद असेल तेथे दोन्ही पक्षांचे म्हणणे शेजारी शेजारी लिहावे. आणि वही पूर्ण होताच ती ज्यांनी सांगितले त्यांना मोठ्याने वाचून दाखवावी. कारण त्यांतील अनेकांना वाचता येत नसते, आणि आपल्याविषयी काय लिहिले हे ऐकण्याचा पहिला मान त्यांचा आहे. एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत ठेवावी.

आमच्या वाचकांपैकी कित्येक कुटुंबांनी आपली मूळ गावे सोडली आहेत. सुटीत गावी जाणे होते, जेवणखाण होते, आणि परतीची गाडी धरली जाते. पुढच्या खेपेस जाल तेव्हा घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ तासभर बसा आणि तिला तीन गोष्टी विचारा: आपल्या शेतावर कामाला कोण कोण येत असत, त्यांची पूर्ण नावे काय, आणि त्यांची मुलेबाळे आज कोठे आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लगेच मिळेल. दुसऱ्याला थोडा वेळ लागेल. तिसऱ्याचे उत्तर आपल्यालाच शोधीत जावे लागेल, आणि गावाचे ऋण फेडण्याची सुरुवात तेथूनच होईल.